मुलगा फ्रॅटर्निटीत जातो तेव्हा



या व्यासपीठावर दरवर्षी संतवाङ्मय, नाटक, नाही तर सयाजीराव महाराजांच्या काळातील बडोदे असे विषय होतात. यंदा माझा विषय ऐकून कार्यवाहांनी मला दोनदा विचारले, “सर, हाच विषय छापू ना?” छापा, म्हटले. कारण हा विषय मी निवडलेला नाही. तो चालत माझ्या घरी आला.

गेल्या भाद्रपदात, गौरींचे विसर्जन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, दांडिया बाजारातल्या आमच्या एक शेजारीणबाई मोबाइल घेऊन आल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा ऑगस्टमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षासाठी अमेरिकेला गेला होता. त्याचा निरोप होता, “आई, मला बिड मिळालं. आता इथं मला चाळीस भाऊ आहेत.”

“काका, बिड म्हणजे टेंडर ना? आणि मी तर एकच मुलगा जन्माला घातला, हे चाळीस कुठून आले?” आम्ही दोघेही हसलो. मग त्यांनी खालची ओळ दाखवली. पुढचे आठ आठवडे काय काय असेल, हे बाहेर कोणाला सांगायचे नाही, असे त्याने लिहिले होते. त्या ओळीवर मात्र दोघेही हसलो नाही.

मी आयुष्यभर कॉलेजात शिकवले आणि नऊ वर्षे एका वसतिगृहाचा रेक्टर होतो. तेव्हा मुलांची टोळकी, त्यांची दोस्ती आणि त्यांची गुपिते मला नवी नाहीत. तरी त्या दिवशी बाईंना धड उत्तर देता आले नाही. नंतर वाचले, तिकडे असलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारले, आणि जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे. आपल्यापैकी कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, कोणाचा भाचा तिकडे आहे. कोणाच्या भावाची मुले तर तिथेच जन्मली आणि आता कॉलेजात जाऊ लागली. हा प्रश्न आज ना उद्या आपल्या उंबऱ्याशी येणारच.

ही संस्था कोणती?

‘फ्रॅटर’ म्हणजे लॅटिनमध्ये भाऊ. फ्रॅटर्निटी म्हणजे बंधुमंडळ. मुलींच्या अशाच मंडळाला सोरॉरिटी म्हणतात. नावे ग्रीक अक्षरांची असतात, अल्फा, बीटा, सिग्मा, डेल्टा अशी. म्हणून या साऱ्या व्यवहाराला तिकडे ‘ग्रीक लाइफ’ म्हणतात. ग्रीस देशाशी किंवा तिथल्या धर्माशी त्याचा संबंध नाही.

याची सुरुवात ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात झाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला तेव्हा पाच महिनेच झाले होते. काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅपा’ नावाचे मंडळ काढले. तत्त्वज्ञान हे जीवनाचे सुकाणू आहे, अशा अर्थाच्या ग्रीक बोधवाक्याची ती आद्याक्षरे. शपथ, खूण आणि गुप्त हस्तांदोलन हे सगळे त्यात होते. पुढे १८३० च्या सुमारास या मंडळाने गुप्तता सोडून दिली आणि आज तो केवळ हुशार विद्यार्थ्यांचा मानाचा संघ आहे. ज्यांनी गुप्तता ठेवली त्यांचा प्रवास निराळ्या वाटेने झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात १८२५ ते १८२७ या काळात तीन मंडळे निघाली, आणि आजच्या फ्रॅटर्निटींचे मूळ तिथे मानले जाते.

म्हणून पहिली गोष्ट ही की ग्रीक अक्षरे दिसली म्हणजे सगळे एकच असे समजू नये. फाय बीटा कॅपा किंवा अभियांत्रिकीतली टाऊ बीटा पाय यांचे निमंत्रण गुणांवर येते. ते आले तर पेढे वाटावेत. अल्फा फाय ओमेगा हा समाजसेवेचा संघ आहे. काही संघ व्यवसायाचे असतात, वाणिज्य किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे. आणि ज्याला नुसते ‘फ्रॅट’ म्हणतात तो सामाजिक संघ. एकत्र राहणे, जेवणे, मेजवान्या आणि मैत्री यांसाठी असलेला. आजचे बोलणे मुख्यतः या शेवटच्या प्रकाराबद्दल आहे. यात पदवीपूर्व विद्यार्थीच असतात. आपली बहुतेक मुले एम.एस. करायला जातात, त्यांच्या वाट्याला हे सहसा येत नाही. पण बारावीनंतर थेट जाणाऱ्यांच्या आणि तिथेच वाढलेल्यांच्या वाट्याला येते.

आत जायची वाट

सत्राच्या सुरुवातीला ‘रश’ नावाचा काळ असतो. नवी मुले वेगवेगळ्या मंडळांच्या घरी जातात, जेवतात, गप्पा मारतात. दोन्ही बाजूंनी पारख चालते, जवळजवळ मुलगी बघायला जातात तसे. मग मंडळ ज्याला हवे त्याला बोलावणे धाडते, ते ‘बिड’. मुलाने होकार दिला की तो उमेदवार होतो. पूर्वी त्याला ‘प्लेज’ म्हणत, आता बरीच मंडळे ‘नवा सदस्य’ म्हणतात. हा उमेदवारीचा काळ काही आठवड्यांचा असतो. त्यात मंडळाचा इतिहास पाठ करणे, जुन्या सदस्यांची ओळख करून घेणे, कामे करणे हे येते. प्रत्येकाला एक ‘मोठा भाऊ’ नेमून दिलेला असतो. शेवटी दीक्षेचा गुप्त विधी होतो आणि मुलगा कायमचा सदस्य होतो.

एका कॉलेजातल्या शाखेला ‘चॅप्टर’ म्हणतात. तिच्यावर राष्ट्रीय कार्यालय असते, जुन्या सदस्यांचे सल्लागार मंडळ असते, आणि कॉलेजची मान्यता असते. निदान असायला हवी. कॉलेजने मान्यता काढून घेतलेली काही मंडळे बाहेर घर भाड्याने घेऊन चालूच राहतात. त्यांच्यावर कोणाचीच देखरेख नसते.

पैसाही लागतो. दर सत्राला वर्गणी असते, ती काही शेकड्यांपासून काही हजार डॉलरपर्यंत जाऊ शकते. दीक्षेची फी वेगळी, घरात राहिल्यास भाडे वेगळे. ज्या घराने कर्ज काढून मुलाला पाठवले आहे त्याने हा आकडा आधी, लेखी आणि वर्षाचा एकूण असा मागून घ्यावा.

मुलाला ओढ का वाटते?

आपण लगेच कपाळाला आठ्या घालतो. थोडे थांबू या. अठरा वर्षांचा मुलगा, आठ हजार मैलांवर, खोलीत एक अनोळखी सोबती, जेवायला थंड पाव. त्याला कोणीतरी ‘ये, बस आमच्यात’ म्हटले तर तो जाणारच.

आपल्याच गावचे उदाहरण घ्या. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तिथे सुरुवातीला त्यांना राहण्याच्या जागा बदलाव्या लागल्या. पुढे लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहिले आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. त्यांचा ग्रंथालयातला अभ्यास आपण नेहमी सांगतो. पण त्या अभ्यासामागे एक खोली होती आणि त्या खोलीत एक मित्र होता, हेही सांगायला हवे. परक्या देशात मित्राची भूक पोटाच्या भुकेइतकीच खरी असते.

शिवाय या मंडळांचे फायदे काल्पनिक नाहीत. जुन्या सदस्यांचे जाळे नोकरीत उपयोगी पडते. फ्रँकलिन रूझवेल्ट, जेराल्ड फोर्ड, रोनाल्ड रेगन, धाकटे जॉर्ज बुश हे राष्ट्राध्यक्ष अशा मंडळांचे सदस्य होते. युनियन कॉलेजच्या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या ईशान्येकडील एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०१८ साली लेख प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की सदस्यत्वामुळे चार गुणांच्या मापात सरासरी सुमारे पाव गुण घसरतो, पण पुढची मिळकत सुमारे ३६ टक्के वाढते. हा एका कॉलेजचा हिशेब आहे, सगळ्या देशाचा नव्हे. तरी जमा आणि खर्च दोन्ही बाजू त्यात दिसतात.

ज्यांना गोऱ्या मंडळांनी दार उघडले नाही त्यांनी आपली मंडळे काढली. १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ स्थापन केली. मार्टिन ल्यूथर किंग पुढे तिचे सदस्य झाले. आपल्याकडच्या मुलांची मंडळेही आहेत. बिंगहॅम्टनला १९९४ साली ‘आयोटा न्यू डेल्टा’, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ साली ‘सिग्मा बीटा रो’, ऑस्टिनला १९९८ साली ‘डेल्टा एप्सिलॉन साय’, लॉस एंजेलिसला १९९९ साली ‘बीटा काय थीटा’ निघाली. तिथे दिवाळी असते, भांगडा असतो, घरच्यासारखे जेवण मिळते. हे ऐकून आईबापांचा जीव भांड्यात पडतो, की आपलीच मुले आहेत, मग काय चिंता? ती चिंता का सोडू नये, ते आता सांगतो.

डोळ्यांवरची पट्टी

उमेदवारीच्या काळात नवख्याला छळणे, अपमान करणे, दारू पाजणे, जागवणे, मारणे या प्रकाराला तिकडे ‘हेझिंग’ म्हणतात. तो जुना रोग आहे. १८७३ साली कॉर्नेलच्या एका विद्यार्थ्याला दीक्षेसाठी रात्री डोळ्यांवर पट्टी बांधून गावाबाहेर नेले होते. त्या रात्री दरीत कोसळून तो गेला.

त्यानंतर १४० वर्षांनी, डिसेंबर २०१३ मध्ये, न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजातला पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी ‘पाय डेल्टा साय’ या मंडळाचा उमेदवार होता. हे मंडळ आशियाई वंशाच्या मुलांचे, म्हणजे ‘आपल्याच मुलांचे’ म्हणावे असे. त्याला पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरात भाड्याच्या घरी नेले. थंडीत, अंधारात, डोळ्यांवर पट्टी आणि पाठीवर जड पिशवी देऊन अंगणातून चालायला लावले. भाऊ म्हणवणारे त्याला धडका देऊन पाडत होते. आशियाई माणसाला अमेरिकेत ज्या अदृश्य अडथळ्यांशी झुंजावे लागते त्यांचे हे प्रतीक, असा त्या खेळामागचा अर्थ सांगितला जाई. मुलगा बेशुद्ध पडला. रुग्णवाहिका बोलावली गेली नाही. लक्षणांचा अर्थ इंटरनेटवर शोधण्यात वेळ गेला. मंडळाच्या खुणा लपवा, असे निरोप गेले. अखेर त्याला गाडीतून रुग्णालयात नेले तेव्हा उशीर झाला होता. सदतीस जणांवर आरोप ठेवले गेले. मंडळही दोषी ठरले, आणि न्यायालयाने २०१८ साली त्याला दहा वर्षांसाठी पेनसिल्व्हेनियातून हद्दपार केले.

दुसरे उदाहरण पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले, फेब्रुवारी २०१७ चे. एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने होकार दिला त्याच रात्री त्याला दीड तासाच्या आत अठराएक पेये पाजली गेली. तो तळघराच्या जिन्यावरून पडला. मुलांनी त्याला उचलून कोचावर ठेवले. उताणा होऊन गुदमरू नये म्हणून पाठीला पुस्तकांनी भरलेले दप्तर बांधले. म्हणजे धोका त्यांना कळत होता. तरी जवळजवळ बारा तास कोणी मदतीला फोन केला नाही. त्या घरात दारूबंदीचा नियम होता, सल्लागार राहत होता, कॅमेरेही होते. कागदावर सगळे ठाकठीक होते. मुलगा वाचला नाही.

हँक न्यूवर या पत्रकाराने अशा मृत्यूंची नोंद अनेक वर्षे ठेवली आहे. तिच्यानुसार १९५९ ते २०२१ या काळात अमेरिकेत हेझिंगने किमान एकही बळी गेला नाही असे वर्ष नाही. लाखो मुले सदस्य असतात आणि बहुसंख्य सुखरूप बाहेर पडतात, हेही खरे. पण दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट सारखी आहे, ती नीट पाहा. घाव बसला हे एक संकट. त्यानंतर कोणी हाक मारली नाही, हे दुसरे. मधले तास गेले ते गुपित सांभाळण्यात.

रॅगिंग आणि हेझिंग

आपण म्हणू, हे तर आपले रॅगिंग. चुलत भावंडे आहेत खरी. आपल्याकडे महाराष्ट्राने १९९९ साली कायदा केला, राघवन समितीनंतर २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले. आता प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांनाही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल.

पण एक फरक मोठा आहे. रॅगिंगमध्ये मुलगा वसतिगृहात आला म्हणून सापडतो. त्याला ते नकोच असते. हेझिंगमध्ये त्याला आत जायचे असते. दार उघडे असते, तो केव्हाही निघून जाऊ शकतो, आणि तरी जात नाही. सहा आठवडे सोसले, आता दोनच राहिले, बरोबरचे दहा जण सोसताहेत, मग मीच कसा मागे हटू? म्हणून ‘तुला कोणी जबरदस्ती केली का?’ या प्रश्नाला तो ‘नाही’ म्हणेल, आणि ते खोटे नसेल. तिकडच्या कायद्यांनीही हे ओळखले आहे. मुलाची तयारी होती, ही सबब बऱ्याच राज्यांत चालत नाही.

जुम्मादादा आणि माणिकरावांच्या या गावाला आखाडा समजावून सांगायला नको. तालमीत नवख्याची रग जिरवतात, माती खायला लावतात. पण वस्ताद समोर उभा असतो, आणि दार उघडे असते. ज्यांच्या घरी मुंज होते त्यांच्याकडेही मुलाला नव्या अवस्थेत नेतात, पण आधी तो आईच्या ताटात जेवतो आणि चारचौघांसमोर सगळे होते. कष्ट देऊन माणूस आपलासा करणे ही वाईट गोष्ट नाही. वडीलधारे नसताना, दार लावून आणि तोंड बंद ठेवायला सांगून ते केले की तिथे धोका शिरतो.

आता माझे सांगतो. मी रेक्टर असताना डिसेंबरच्या एका रात्री वरच्या वर्गातल्या मुलांनी एका नव्या मुलाला गच्चीवरच्या टाकीत उभे केले. पहाटे तो थंडीने काळानिळा पडला. त्याच्या खोलीतली दोन मुले माझ्या दारापर्यंत आली आणि परत गेली. सकाळी सातला शिपायाने मला उठवले. मुलगा वाचला, तीन आठवडे दवाखान्यात राहिला. मी त्या दोघांना विचारले, दार का नाही वाजवलेत? एक जण म्हणाला, “सर, तुम्ही आधी आम्हालाच काढून टाकाल असं वाटलं.”

माझी शिस्त गावात नावाजलेली होती. त्या शिस्तीपायी माझ्या दारावर थाप पडली नाही. आजचे सगळे बोलणे त्या न पडलेल्या थापेबद्दल आहे.

कायदा काय देतो

अमेरिकेत अठरा वर्षांनंतर, किंवा त्याआधीही कॉलेजात पाऊल टाकताच, शैक्षणिक नोंदींवरचा हक्क मुलाकडे जातो. १९७४ चा कायदा आहे तसा. फी आपण भरली तरी कॉलेज आपल्याला निकाल कळवायला बांधील नसते. एकवीस वर्षांखालील मुलाने दारूचा नियम मोडला तर कॉलेज पालकांना कळवू शकते, पण कळवलेच पाहिजे असे नाही. आणि दारू पिण्याचे वय तिकडे एकवीस आहे, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलाच्या हातातला पेला मुळात बेकायदा असतो. मुले मदत मागायला भितात त्याचे हेही एक कारण.

यावर उपाय होऊ लागले आहेत. चाळीसहून अधिक राज्यांत हेझिंगविरोधी कायदे आहेत. पेनसिल्व्हेनियाने २०१८ साली, फ्लॉरिडाने २०१९ साली कायदे कडक केले, आणि दोन्हींत मदतीला फोन करणाऱ्याला काही अटींवर शिक्षेपासून संरक्षण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सगळ्या देशासाठी कायदा झाला. त्यानुसार कोणत्या मंडळाने कोणता गुन्हा केला, केव्हा केला, हे कॉलेजांना आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे लागते. ही नोंद बडोद्यात बसूनही वाचता येते. होकार देण्याआधी ती वाचावी.

परदेशी विद्यार्थ्यासाठी आणखी एक गाठ आहे. विद्यार्थी व्हिसा पूर्णवेळ शिक्षणावर उभा असतो. शिस्तभंगासाठी निलंबन झाले तर शिक्षण थांबते आणि व्हिसाचा आधार जातो. तिथल्या मुलाला जे एक सत्र घरी बसणे असते, ते आपल्या मुलाला परतीचे तिकीट ठरू शकते.

मुलाशी काय बोलावे

जाऊच नकोस, असे सांगून उपयोग होईल असे मला वाटत नाही. तो जाईल आणि सांगणार नाही. त्यापेक्षा प्रश्न त्याच्या हाती द्यावेत आणि ते त्याने मंडळाला विचारावेत. कॉलेजची मान्यता आज आहे का? मागच्या पाच वर्षांत कारवाई झाली का, आणि कशासाठी? उमेदवारीचे वेळापत्रक लेखी मिळेल का? एखाद्या रात्री परीक्षेमुळे आलो नाही तर काय होईल? दारू न पिणारे सदस्य किती आहेत, आणि त्यांच्याशी बोलता येईल का? उत्तरांइतकेच उत्तर देणाऱ्याचा चेहरा पाहायला सांगावे. दीक्षेचा मंत्र गुप्त असेल तर असू दे. पण ‘शनिवारी रात्री कुठे जाणार आणि कोण नेणार’ हे गुप्त असेल तर तिथे थांबावे.

दारूबद्दल एवढे त्याला स्पष्ट माहीत हवे. हलवून जागा न होणारा, थांबून थांबून श्वास घेणारा, अंग गार आणि ओठ निळसर पडलेला माणूस झोपलेला नसतो. ‘झोपू दे, उतरेल’ हे वाक्य जीव घेते, कारण पोटातली दारू नंतरही रक्तात चढत राहते. त्याला कुशीवर वळवायचे, एकटे सोडायचे नाही, आणि ९११ ला फोन करायचा. आधी फोन, मग मोठ्या भावाची परवानगी.

आणखी एक गोष्ट आपण आईबाप विसरतो. आपल्या डोळ्यांपुढे आपला मुलगा नेहमी सोसणाराच असतो. पण पहिल्या वर्षी जो उमेदवार, तो दुसऱ्या वर्षी मोठा भाऊ होतो. त्या डोंगरातल्या घरात धडका देणारी मुलेही कोणाची तरी गुणी मुलेच होती, आणि तीही आधी पट्टी बांधून चाललेली असतील. त्यांच्या आईबापांना वकिलांची दारे धरावी लागली. म्हणून ‘स्वतःला जप’ इतकेच सांगून भागत नाही. ‘तुझ्यासमोर दुसऱ्याचा मुलगा पडला तर तू फोन करशील ना?’ हेही विचारायला हवे.

आणि शेवटचे, जे मला माझ्या दाराने शिकवले. मुलाला एकदा, तो शांत असताना, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे, की मध्यरात्री केव्हाही फोन कर; तू प्यालेला असलास, चुकलेला असलास, कोणाची शपथ मोडून बोलत असलास तरी पहिल्या फोनवर रागावणार नाही. रागवायचे असेल तर आठवड्याने रागावू. आणि हे सांगायचे तर ते पाळायचेही. एकदा जरी त्या फोनवर आवाज चढला, की दुसरा फोन येत नाही.

त्या शेजारीणबाईंनी हे प्रश्न मुलाला पाठवले. दोन दिवस उत्तर आले नाही. मग आले. कॉलेजच्या नोंदीत त्या मंडळावर काही नव्हते, आणि वेळापत्रकही मिळाले होते, एका शनिवारची जागा सोडून. तो शनिवार कसला, हे त्याने त्यांना विचारले. ते म्हणाले, ते आल्यावर कळेल. तो म्हणाला, मग मी येणार नाही. त्याला वाटले, आता काढून टाकतील. त्यांनी काढले नाही. त्याच्याबरोबरचे आणखी दोघे म्हणाले, आम्हीही येत नाही. तो आज त्या मंडळाचा सदस्य आहे आणि रविवारी आईला फोन करतो.

पुढच्या वर्षी तो स्वतः कोणाचा तरी मोठा भाऊ होईल. बाई मला म्हणाल्या, “काका, आता मला त्याच्या धाकट्या भावाची काळजी लागली आहे.” मी म्हटले, ती करा. त्या मुलाची आई कुठे असेल, आपल्याला माहीत नाही. पण तिच्या वतीने विचारणारे कोणीतरी हवे.